साहित्य-सिनेमाचा सांस्कृतिक अभ्यास : सिद्धांत कलाकृतीला चिकटवायचा नसेल तर नेमकं काय करायचं?

अर्धविराम

साहित्य आणि सिनेमा यांचा विद्यापीठात सांस्कृतिक सिद्धांतांच्या आधारे अभ्यास करणाऱ्यांसाठी हा धागा. पहिल्याच सत्रात ग्रामची, अल्थ्युसेर, बार्थ, फूको, हॉल, मल्व्ही, सईद, स्पिवाक अशी विचारवंतांची नावं एकामागून एक येतात आणि सत्र संपताना 3000 शब्दांचा निबंध द्यायचा असतो. मग बहुतेक निबंध एकाच वळणाने जातात. आधी चार पानं सिद्धांताचा सारांश, मग तीन पानं कथानक आणि शेवटच्या पानावर 'अशा रीतीने या चित्रपटातून पुरुषी नजर दिसून येते' हे वाक्य. परीक्षकाचा शेरा ठरलेला असतो : वर्णन आहे, विश्लेषण नाही.

शेरा बरोबर असतो, पण विश्लेषण म्हणजे हाताने नेमकं काय करायचं हे फारसं कुणी सांगत नाही. मूळ लेख कसे वाचायचे, एखादा प्रसंग कसा उलगडायचा, सिद्धांत आणि कलाकृती यांचा सांधा कुठे बसतो, यावर जाणकारांनी सविस्तर लिहावं ही विनंती. मोघम सल्ले नकोत, पायऱ्या हव्यात.

तळटीप

वाचनापासून सुरू करते.

सिद्धांताची ओळख करून देणारी पुस्तकं नकाशापुरती ठीक. निबंधाचा पाया त्यांच्यावर रचू नये, कारण त्यांत प्रत्येक विचारवंत दोन पानांत आटवलेला असतो आणि त्याचा वाद कुणाशी होता तेच नेमकं गाळलेलं असतं. मूळ लेख वाचावा, आणि आधी छोटा घ्यावा. लॉरा मल्व्हीचा दृश्यसुख आणि कथनात्म सिनेमा यांवरचा लेख 1975 साली 'स्क्रीन' या नियतकालिकात आला, तो जेमतेम 13 पानांचा आहे. रोलाँ बार्थचा लेखकाच्या मृत्यूवरचा निबंध त्याहून लहान.

एक लेख तीनदा वाचायचा. पहिल्या वाचनात अधोरेखन करायचं नाही. लेखकाने कोणती उदाहरणं घेतली तेवढीच वहीत उतरवायची. उदाहरण एखाद्या चित्रपटाचं असेल तर तो चित्रपट पाहिल्याशिवाय दुसरं वाचन करू नये. दुसऱ्या वाचनात प्रत्येक परिच्छेदापुढे एकच प्रश्न लिहायचा : हा कुणाला उत्तर देतोय? बार्थ भांडतोय तो लेखकाच्या चरित्रातून कलाकृतीचा अर्थ काढणाऱ्या समीक्षेशी. हे ध्यानात आलं नाही तर 'लेखकाचा विचारच करायचा नाही' असा भलताच निष्कर्ष निघतो आणि तो निबंधात जसाच्या तसा उतरतो. तिसऱ्या वाचनानंतर लेखाचं म्हणणं एका वाक्यात लिहायचं. अट अशी की त्या वाक्यात लेखातली एकही परिभाषा नको. जमलं नाही तर तो लेख अजून आपल्या कामाचा झालेला नाही, असं खुशाल समजावं आणि पुन्हा वाचावा.

सालांकडे आणि आवृत्त्यांकडेही लक्ष हवं. बार्थचा तो निबंध 1967 साली आधी इंग्रजीत आला, फ्रेंचमध्ये 1968 साली. स्ट्युअर्ट हॉलचा संकेतन-विसंकेतनावरचा, म्हणजे संदेशात अर्थ कसा घातला जातो आणि घेणारा तो कसा काढतो यावरचा लेख 1973 साली बर्मिंगहॅमच्या संस्कृती-अभ्यास केंद्राने चक्रमुद्रित स्वरूपात काढला होता. आज बहुतेक संग्रहांत दिसते ती 1980ची संक्षिप्त आवृत्ती. दोन्हींतली वाक्यं सगळीकडे सारखी नाहीत. '1973' असं लिहून उद्धरण 1980च्या मजकुरातून दिलं, तर जाणकार परीक्षकाच्या ते लगेच ध्यानात येतं.

खिडकीपाशी

सिनेमाच्या बाजूने सांगतो. जरा लांबेल, पण इथेच सगळं अडतं.

आधी आख्खा चित्रपट काहीही न टिपता पाहायचा. मग तीन ते पाच मिनिटांचा एकच प्रसंग निवडायचा. मुख्य धारेतल्या चित्रपटात चार मिनिटांत साधारण 30 ते 60 शॉट असतात. त्याहून मोठा प्रसंग घेतला की तक्ता अर्ध्यावर सुटतो. हा प्रसंग चारदा पाहायचा. एकदा नेहमीसारखा, एकदा आवाज पूर्ण बंद करून, एकदा पडदा झाकून फक्त आवाज ऐकत, आणि चौथ्यांदा दर शॉटला थांबवत. चौथ्या वेळी तक्ता भरायचा : शॉटचा क्रमांक, सुरू होण्याची वेळ, लांबी सेकंदांत, शॉटचा आकार (जवळून की दुरून), कॅमेऱ्याची उंची आणि हालचाल, चौकटीत कोण आहे, कोण कुणाकडे पाहतंय, काय ऐकू येतंय. शेवटचा रकाना 'खटकलं' असा ठेवायचा. 40 शॉटांना सहज तीन तास लागतात, तेवढे द्यायचे.

तक्त्यात अर्थ लिहायचा नाही. 'ती खचली आहे' असं लिहिलं की विश्लेषण तिथेच संपतं. 'मान खाली, चेहऱ्याची डावी बाजू अंधारात, सहा सेकंद संवाद नाही' असं लिहावं. खचलेपणा कशातून तयार झाला ते त्यामुळे हाती राहतं. रकाने कमी करायचे झाले तरी 'कोण कुणाकडे पाहतंय' आणि 'काय ऐकू येतंय' हे दोन कधीच सोडू नयेत. नेमके हेच दोन रिकामे राहतात.

आता उदाहरण. हिचकॉकचा 'रिअर विंडो' (1954) घेतो, कारण मल्व्हीने स्वतः त्यावर लिहिलंय. पाय प्लास्टरमध्ये असलेला छायाचित्रकार जेफ चाकाच्या खुर्चीत बसून समोरच्या इमारतीतल्या खिडक्या न्याहाळत असतो. एका शेजाऱ्याने, थॉरवल्डने, बायकोचा खून केलाय असा त्याला संशय येतो. मल्व्हीचं म्हणणं थोडक्यात असं : जेफ म्हणजे प्रेक्षक, समोरची इमारत म्हणजे पडदा, आणि त्याची मैत्रीण लिसा जोवर त्याच्या बाजूला आहे तोवर त्याला तिच्यात फारसा रस नाही. ती पलीकडे, म्हणजे पडद्यात, गेली की त्याचं मन तिच्याकडे ओढलं जातं. चित्रपटभर पाहण्याच्या रेषा त्याच्या खिडकीतून बाहेर जातात, हे तक्ताही दाखवतो. सर्वसाधारण निबंध इथे थांबतो.

आता लिसा थॉरवल्डच्या घरात शिरते तो प्रसंग घ्या आणि 'खटकलं' हा रकाना भरा. पोलीस आलेले आहेत. लिसा खिडकीकडे पाठ करून उभी आहे. थॉरवल्डच्या बायकोची लग्नातली अंगठी तिने स्वतःच्या बोटात घातली आहे आणि हात मागे नेऊन ती दुसऱ्या हाताच्या बोटाने त्या अंगठीकडे खूण करते. खूण जेफसाठी आहे. आपण पाहिले जातोय हे तिला पक्कं ठाऊक आहे, आणि त्याच पाहण्याच्या वाटेने ती पुरावा धाडते. थॉरवल्डला ती खूण दिसते. तो मान वर करून थेट समोर, जेफच्या भिंगात, म्हणजे आपल्याकडे पाहतो. जेफ घाबरून दिवा मालवायला सांगतो. आतापर्यंत एकाच दिशेने गेलेली नजर इथे उलटून आली.

एवढं दिसल्यावर चित्रपटाची सुरुवात पुन्हा पाहावी. कॅमेरा खोलीत फिरतो तेव्हा जेफचा प्लास्टरमधला पाय, फुटलेला कॅमेरा आणि अपघाताचं छायाचित्र एकापाठोपाठ दिसतात. पाहणारा पुरुष पहिल्याच मिनिटांत जायबंदी दाखवला आहे. शेवटच्या दृश्यात त्याचे दोन्ही पाय प्लास्टरमध्ये, तो झोपलेला, आणि लिसा जागी. ती प्रवासाचं पुस्तक बाजूला ठेवून स्वतःच्या आवडीचं मासिक उघडते. तानिया मॉडलेस्कीने 1988 साली मल्व्हीशी वाद घातला तो अशाच जागांवरून.

निबंधाचा दावा निघतो तो या खटकलेल्या जागेतून. 'रिअर विंडोमध्ये पुरुषी नजर आहे' हा दावा नव्हे, ती फक्त नोंद. 'अंगठीच्या प्रसंगात लिसा आपलं पाहिलं जाणं पुरावा धाडण्यासाठी वापरते, आणि त्यामुळे पाहणाऱ्याची सुरक्षित जागा मोडते' हा दावा. कारण कुणी म्हणू शकतं की नाही मोडत, शेवटी थॉरवल्डच्या हल्ल्यातून जेफची सुटका होतेच ना. ज्याच्याशी वाद घालता येतो तो दावा.

वाळूघड्याळ

उत्तम पोस्ट. पण मग मल्व्ही चुकली असं म्हणायचं का? तसं असेल तर तिच्यावर 500 शब्द कशाला खर्चायचे?

खिडकीपाशी

@वाळूघड्याळ, चुकली असं म्हणता येत नाही. तिच्या लेखाशिवाय 'कोण कुणाकडे पाहतंय' हा रकानाच तक्त्यात आला नसता. तिने एका जातीच्या सिनेमाची रचना मांडली, आणि मुद्दाम टोकाला नेऊन मांडली, कारण तिला त्या सिनेमाच्या सुखातून बाहेर पडायचं होतं. तिच्या मांडणीत तीन नजरा आहेत : कॅमेऱ्याची, प्रेक्षकाची आणि पात्रांची. पहिल्या दोन लपवल्या जातात आणि तिसरीत मिसळल्या जातात, हा तिचा मुद्दा. विद्यार्थ्यांच्या निबंधात बहुधा 'कॅमेरा स्त्रीला न्याहाळतो' एवढंच उरतं, म्हणजे तिचा सिद्धांत वापरला असं म्हणूनही तो वापरलेला नसतो.

शिवाय तिथे चर्चा थांबलेली नाही. स्त्री-प्रेक्षकाचं काय, या प्रश्नाकडे मल्व्ही स्वतः 1981 साली परतली. काळ्या स्त्री-प्रेक्षकांची पडद्याकडे पाहण्याची रीत वेगळी आणि विरोधाची असते, हे बेल हुक्सने 1992 साली मांडलं. 1975चा लेख एकटा वापरला की या सगळ्यावर पाणी सोडावं लागतं.

सरकती_चौकट

खिडकीपाशी यांच्याशी बव्हंशी सहमत, तरी एक मतभेद नोंदवते. 'आधी सिद्धांत, मग त्यात न बसणारी जागा' हाही साचा होऊ शकतो. न बसणारी जागा दाखवून निबंध संपवला तर वाचकाच्या हाती काय लागलं? ती जागा तिथे का आहे, हे सांगण्यात संस्कृतीचा अभ्यास आहे. रेमंड विल्यम्सने 1977 साली केलेली मांडणी इथे कामी येते. कुठल्याही काळात प्रबळ, अवशिष्ट (आधीच्या काळातून उरलेल्या) आणि उदयोन्मुख (नव्याने येणाऱ्या) अशा तीन प्रवृत्ती एकत्र नांदतात, आणि त्या एकाच कलाकृतीत एकमेकींना घासतात. लिसा कमावती आहे, धाडस तिचं आहे, आणि तरी सगळा तपास लग्नाच्या अंगठीपाशी येऊन ठेपतो. हा एकच तपशील तिन्ही प्रवृत्तींना ओढून घेतो. खटकणारी जागा घर्षणाची जागा असते, अपवाद म्हणून तिची बोळवण करू नये.

आणि संदर्भ द्यायचा तर नेमका द्यावा. 'त्या काळी समाज पुरुषप्रधान होता' हे वाक्य कुठल्याही शतकाला लागू पडतं, म्हणून ते निरुपयोगी. त्या काळच्या हॉलिवूडवर 1934 पासून काटेकोरपणे राबवलेली निर्मिती-आचारसंहिता होती, ती 1968 साली गेली. लैंगिकता, गुन्हा, विवाह यांच्या चित्रणावर तिची बंधनं होती. जे थेट दाखवता येत नव्हतं ते खिडक्यांतून, पडद्यांआडून, आवाजांतून सुचवलं गेलं. हा संदर्भ चालतो, कारण तो तक्त्यातल्या एखाद्या ठरावीक ओळीला जाऊन भिडतो. जो संदर्भ कुठल्याच ओळीला भिडत नाही तो काढून टाकावा, मग तो मिळवायला कितीही वाचन झालेलं असो.

शाईची_दौत

साहित्याच्या बाजूनेही एक जागा जवळून पाहू, कारण तिथे तक्ता नसतो आणि निसटायला जास्त वाव असतो.

एडवर्ड सईदने 1993च्या पुस्तकात जेन ऑस्टिनच्या 'मॅन्सफील्ड पार्क' (1814) या कादंबरीचा अर्थ लावून दाखवला. इंग्लंडमधल्या त्या घराचा डौल ज्या पैशावर उभा आहे तो अँटिग्वा या वेस्ट इंडीजमधल्या ब्रिटिश वसाहतीतल्या, गुलामांच्या श्रमांवर चालणाऱ्या मळ्यांतून येतो, आणि कादंबरीत अँटिग्वाचे उल्लेख मोजके असले तरी ते घर त्यांच्याशिवाय उभं राहत नाही, असं त्याचं म्हणणं. या वाचनाला तो संगीतातला शब्द वापरतो, मराठीत 'प्रतिस्वर वाचन' म्हणता येईल : घराचा सूर आणि मळ्याचा सूर एकदम ऐकायचे.

सर थॉमस त्या घराचे मालक, एडमंड त्यांचा मुलगा, फॅनी त्यांच्याकडे वाढलेली भाची. या विषयावरच्या निबंधांत एक वाक्य हमखास येतं : 'फॅनी गुलामांच्या व्यापाराबद्दल विचारते आणि सर थॉमस गप्प होतात, त्यांचा अपराधभाव उघडा पडतो.' आता पुस्तक उघडून ती जागा काढा. प्रकरण 21. जुन्या तीन खंडांच्या मांडणीनुसार क्रमांक लावलेल्या आवृत्तीत हेच दुसऱ्या खंडाचं तिसरं प्रकरण असतं, तेव्हा निबंधात दोन्ही क्रमांक द्यावेत. तिथे दिसतं ते असं. फॅनीने प्रश्न विचारला तो प्रसंग कादंबरीत घडताना दाखवलेलाच नाही. दुसऱ्या दिवशी एडमंडशी बोलताना ती त्याची आठवण काढते. एडमंड म्हणतो, तू पुढेही विचारायला हवं होतंस, वडिलांना बरं वाटलं असतं. त्यावर फॅनी सांगते की विचारायची इच्छा होती, पण तिथे सगळं निपचित शांत होतं. बाजूला बसलेली भावंडं एक शब्द बोलत नव्हती, त्यांना त्यात रस दिसत नव्हता, आणि त्यांना मागे टाकून आपण पुढे पुढे करतोय असं वाटेल म्हणून ती थांबली.

म्हणजे ती शांतता भावंडांची आहे. सर थॉमस गप्प झाले असं मजकुरात नाहीच, उलट त्यांना बोलायला आवडलं असतं असं त्यांचा मुलगा सांगतो. मग सईदचं वाचन पडलं का? पडत नाही, फक्त त्याचा पाया सरकतो. अपराधभावाच्या शांततेपेक्षा बेफिकिरीची शांतता जास्त जड आहे. ब्रिटनने गुलामांचा व्यापार कायद्याने बंद केला 1807 साली, कादंबरी आली 1814 साली, म्हणजे विषय शिळा नव्हता. तरी घरातल्या तरुणांना त्यावर बोलायला काही नाही. शिवाय हा प्रश्न आपल्याला परस्पर, दुसऱ्याच्या तोंडून कळतो. निवेदनाने तो थेट दाखवला नाही, हीसुद्धा अर्थाची जागा आहे. सांगतंय कोण, ऐकतंय कोण, आणि हे आत्ता घडतंय की घडून गेल्यावर कळतंय, हे तीन प्रश्न गद्याच्या प्रत्येक उताऱ्याला विचारले तर निम्म्या चुका टळतात.

उताऱ्याची लांबी 250 ते 400 शब्द ठेवावी. तो हाताने उतरवून काढावा. उतरवताना हात ज्या शब्दाशी अडखळतो, तिथे बहुधा काहीतरी असतं. क्रियापदांना एक रंग, सर्वनामांना दुसरा. कर्ता गाळलेली वाक्यं वेगळी मोजावीत : 'निर्णय घेतला गेला', 'मळे तोट्यात गेले'. कुणी काय केलं हे अशाच वाक्यांत लपतं.

मधली_सुट्टी

फार उपयोगी चर्चा. परिभाषेबद्दलही कुणीतरी लिहा. मराठीत लिहिताना प्रत्येक संज्ञेला दोन-तीन पर्याय सापडतात, त्यातला कुठला निवडायचा?

तळटीप

एक नियम पाळला तर पुष्कळ गोंधळ टळतो : संज्ञा पहिल्यांदा येते तिथे दोन वाक्यांत आपला अर्थ सांगायचा आणि पुढे शेवटपर्यंत तोच शब्द ठेवायचा. पुनरुक्ती टाळण्यासाठी परिभाषेत समानार्थी शब्द आणू नयेत. ललित लेखनात तो गुण असेल, इथे दोष आहे.

काही शब्दांवर मात्र थांबून विचार करावा लागतो. ग्रामचीच्या 'हेजिमनी' या संकल्पनेला 'वर्चस्व' म्हटलं की दडपशाहीच डोळ्यांसमोर येते. त्याचा भर संमतीवर आहे. ज्यांच्यावर सत्ता चालते त्यांना ती रास्त, स्वाभाविक वाटू लागते, म्हणून 'धुरीणत्व' हा शब्द जवळचा. धुरा वाहणारा पुढे असतो आणि बाकीचे त्याच्यामागून आपणहून चालतात, हे त्या शब्दातच आहे. फूकोच्या 'डिस्कोर्स' या संकल्पनेसाठी 'चर्चाविश्व' रूढ होतोय. भाषाविज्ञानात 'प्रोक्ती' चालतो, पण त्याचा रोख वाक्यापलीकडच्या भाषिक रचनेवर असतो, म्हणून फूकोसाठी तो अपुरा पडतो. अल्थ्युसेरच्या 1970च्या लेखात रस्त्यात पोलीस हाक मारतो, माणूस वळून पाहतो, आणि त्या वळण्यातच तो व्यवस्थेचा होतो. त्या प्रक्रियेला 'हाक' हा साधा शब्द पुरतो. संस्कृत शब्द बनवायची गरज नाही.

आणि एका ठिकाणी मराठी आपल्याला आयतंच काहीतरी देते. इंग्रजीत कुणाच्या वतीने बोलणं आणि कुणाचं चित्र उभं करणं या दोहोंना एकच शब्द आहे, 'रिप्रेझेंटेशन'. स्पिवाकला 1988च्या निबंधात मार्क्सच्या जर्मन मजकुरातले दोन वेगळे शब्द पुढे आणून हा फरक उकलून दाखवावा लागला. मराठीत 'प्रतिनिधित्व' आणि 'चित्रण' हे पहिल्यापासून निराळे आहेत. 'कादंबरीत शोषितांचं प्रतिनिधित्व आहे' असं सवयीने लिहिण्याआधी थांबून विचारावं : कादंबरी त्यांचं चित्रण करते की त्यांच्या वतीने बोलते? पहिलं घडलं म्हणजे दुसरं घडलंच असं नाही. निबंधाचा अख्खा एक विभाग या फरकावर उभा राहू शकतो.

वाळूघड्याळ

प्रेक्षकांच्या प्रतिसादावर काम करायचं असेल तर? हॉलच्या तीन वाचनपद्धती घेऊन लिहिलेले निबंध पुष्कळ दिसतात.

सरकती_चौकट

दिसतात, आणि त्यांतली मोठी चूक एकच : प्रेक्षक कुठेच नसतो. 'मी या मालिकेचं विरोधी वाचन करते' असं लिहून स्वतःचंच मत मांडलेलं असतं. प्रबळ (संदेश जसा दिला तसा घेणारं), वाटाघाटीचं (काही घेणारं, काही नाकारणारं) आणि विरोधी (नाकारणारं) ही तीन वाचनं हॉलने मांडली ती संदेश घेणारा कुठे उभा आहे हे सांगण्यासाठी. ती तपासायची तर खऱ्या माणसांकडे जावं लागतं. डेव्हिड मोर्लीने तेच केलं. बीबीसी दूरचित्रवाणीवरच्या 'नेशनवाइड' या कार्यक्रमाचे भाग त्याने 29 गटांना दाखवून चर्चा घेतल्या, आणि अभ्यास 1980 साली प्रसिद्ध झाला. त्यात दिसलं की माणसाचा वर्ग कळला म्हणून त्याचं वाचन सांगता येत नाही. एकाच वर्गातले गट वेगवेगळ्या वाटांनी गेले. म्हणजे हॉलची मांडणी तपासायला गेल्यावर ती बदलावी लागली. सिद्धांत वापरावा तो असा.

सत्राच्या निबंधात 29 गट शक्य नाहीत. पाच-सहा जणांचे दोन गट पुरतात. एकच प्रसंग दाखवायचा, चर्चा 40 मिनिटं, ध्वनिमुद्रण परवानगीने. तासाभराच्या मुद्रणाचं लेखन करायला पाच-सहा तास जातात, ते वेळापत्रकात आधीच धरावेत. विद्यापीठाच्या नीतिमत्ता समितीची संमती लागते का ते पहिल्या आठवड्यातच विचारावं. चर्चा घेऊन झाल्यावर संमती मागता येत नाही आणि सगळं काम बाद होतं. 'तुम्हाला यातली स्त्री दुबळी वाटली का?' असा प्रश्न विचारू नये, त्यात उत्तर आधीच घातलेलं असतं. 'काय घडलं ते सांगा' एवढंच म्हणावं. लोक कथा सांगताना काय गाळतात, कुणाचं नाव घेतात आणि कुणाला नुसतंच 'ती बाई' म्हणतात, यात सगळं येतं.

आंतरजालावरचे प्रतिसाद वापरायचे तर निवडीची अट आधी लिहून ठेवावी, उदाहरणार्थ प्रदर्शनानंतरच्या 30 दिवसांतले, अमुक शब्दांहून मोठे, पहिले 100. सोयीचे वेचायचे नाहीत. प्रतिसाद पुसले जातात, म्हणून तारखेसह प्रत जपावी, आणि लिहिणाऱ्याची ओळख निबंधात येऊ देऊ नये.

शाईची_दौत

कादंबरीवरून केलेल्या चित्रपटावर लिहिणाऱ्यांसाठी थोडंसं : 'चित्रपट मूळ कादंबरीशी प्रामाणिक आहे का' हा प्रश्न सोडून द्यावा. त्याचं उत्तर नेहमी 'काही अंशी' असतं. त्याऐवजी एकच प्रसंग दोन्हीकडून घ्यावा आणि निवेदकाचं काम चित्रपटात कोणाकडे गेलं ते शोधावं : कॅमेऱ्याकडे, संगीताकडे, की एखाद्या पात्राच्या संवादाकडे? निवेदकाचा उपरोध चित्रपटात येताना बहुधा हरवतो, आणि तो हरवला की वर्गाबद्दलची टीकाही हरवते.

अर्धविराम

सगळ्यांचे मनापासून आभार. आता शब्दसंख्येची वाटणी. 3000 शब्दांत काय किती?

प्रूफतपासनीस

ढोबळ मानाने : प्रस्तावना 250 ते 300, त्यातच दावा आला पाहिजे. सिद्धांत 500, याहून जास्त नाही. संदर्भ आणि आधीच्या अभ्यासकांची मतं 400. विश्लेषण 1500 ते 1600. उरलेल्यात शेवट. विश्लेषणाचा भाग निम्म्याहून कमी भरला तर दावा फार मोठा घेतलाय असं समजावं आणि प्रसंग कमी करावेत. तीन प्रसंग वरवर घेण्यापेक्षा एक पुरता घ्यावा.

सिद्धांताचे 500 शब्द सलग लिहिण्यापेक्षा विश्लेषणात पेरले तर जास्त चांगलं. तपशील आधी, संज्ञा नंतर. 'लिसा हात मागे नेते' हे वाचल्यावर 'नजर' हा शब्द वाचकाला हवासा वाटतो. आधी दिला की तो नुसता लटकत राहतो. लिहून झाल्यावर एक चाचणी करावी. विश्लेषणातल्या परिच्छेदांतून विचारवंतांची नावं खोडून टाकावीत. परिच्छेद तरीही उभा राहिला तर ठीक. कोसळला तर तिथे नावाचा धाक होता, युक्तिवाद नव्हता. दुसरी चाचणी उलटी : चित्रपटाचं नाव खोडून दुसरं घालावं. परिच्छेद तसाच चालला तर तो या चित्रपटाबद्दल नव्हताच.

'दिसून येते', 'अधोरेखित होते', 'प्रतिबिंब पडते' ही क्रियापदं शोधून काढावीत. समाजाचं कलाकृतीत प्रतिबिंब पडतं असं म्हटलं की सगळी घडण नाहीशी होते. त्याजागी कोण काय करतंय ते लिहावं : संकलन दोन चेहरे शेजारी आणतं, निवेदक नाव सांगायचं टाळतो, गाणं संवादावर चढतं.

खिडकीपाशी

वेळेच्या नोंदींबद्दल राहिलंच होतं, आणि त्यावरून गुण जाताना दिसतात. चित्रपट सेकंदाला 24 चौकटींचा असतो. पाल या दूरचित्रवाणी पद्धतीच्या जुन्या डीव्हीडीवर तो 25ने चालवतात, म्हणजे सुमारे 4 टक्के जास्त वेगाने. 100 मिनिटांचा चित्रपट 96 मिनिटांत संपतो. चित्रपटगृहातल्या प्रतीत बरोबर एका तासावर असलेला शॉट तिथे 57 मिनिटं 36 सेकंदांवर सापडतो. तुमच्या तक्त्यातली शॉटची लांबी आणि दुसऱ्या अभ्यासकाची लांबी जुळत नसेल तर आधी हे तपासावं. माध्यम, वर्ष आणि एकूण लांबी पहिल्या उल्लेखात लिहावी, मग वाद उरत नाही.

चौकटीचा आकारही पाहावा. जुन्या दूरचित्रवाणीसाठी रुंद चित्रपटांच्या कडा कापल्या जात, किंवा मूळ शॉटमध्ये कॅमेरा हललेला नसताना प्रत करतानाच चौकट बाजूला सरकवलेली असे. अशा प्रतीवरून 'दिग्दर्शकाने तिला चौकटीबाहेर ठेवलं' असं लिहिलं आणि मूळ प्रतीत ती कडेला उभी असेल, तर सगळा युक्तिवाद जातो.

उपशीर्षकांवर विसंबून संवादाचं विश्लेषण करू नये. वाचायला वेळ मिळावा म्हणून त्यांत वाक्यं आखडतात, आणि पहिल्यांदा कापलं जातं ते संबोधन : अहो, अरे, बाईसाहेब. सत्तेचं नातं नेमकं तिथेच असतं. भाषा येत नसेल तर जाणणाऱ्याकडून त्या प्रसंगापुरता शब्दशः मजकूर करून घ्यावा आणि तसं निबंधात नोंदवावं.

स्थिरचित्रं लावायची तर 3000 शब्दांना चार पुरे. प्रत्येकाखाली शॉट क्रमांक आणि वेळ हवी, आणि ज्या परिच्छेदात त्याचा उल्लेख आहे त्याच पानावर ते यावं. दोन शॉटमधली जोड दाखवायची असेल तर दोन्ही चित्रं शेजारी लावावीत, कारण एकट्या स्थिरचित्रात कट दिसत नाही.